वास्तू आणि विद्या (भाग 6) : गांधारपालेच्या ओवऱ्या

मागच्या भागात नालंदाचे विटांचे विहार पाहिले. मधे उघडे अंगण आणि त्याच्या चारही कडांना भिक्षूंच्या खोल्या. हीच मांडणी नालंदाच्या कितीतरी आधी कोकणातल्या कातळात उतरली होती. महाडच्या वेशीजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या पाले गावच्या डोंगरात सुमारे 30 लेणी आहेत, तीच गांधारपाले लेणी. महाडहून उत्तरेला लोणेऱ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, 1989 साली स्थापन झालेले. तिथल्या मुलांना वसतिगृह कसे असावे हे शिकवायचे तर पहिला तास गांधारपालेत घ्यावा, असे माझे मत आहे. ही लेणी कोरीव कामासाठी नव्हे, राहण्याच्या रचनेसाठी पाहायची आहेत.

पहिलेच लेणे घ्या. पुढे खांबांची पडवी, आत सुमारे 60 फूट रुंद आणि त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक खोल असे दालन, उंची जेमतेम 10 फूट. भिंतींच्या कडेने बसायचा बुटका कट्टा फिरतो आणि भिंतींतून खोल्यांची दारे उघडतात. आजच्या वसतिगृहात खोलीबाहेर पाऊल टाकले की बोळ लागतो. इथे बोळच नाही. खोली एकट्याच्या ध्यानाची, उंबऱ्यापलीकडची जागा सगळ्यांची. एकांत आणि सहवास यांच्यामध्ये फक्त एक दार ठेवायचे, हा या वास्तूचा खरा विचार आहे. एवढ्या रुंद छताला मधे आधार लागत नाही, कारण ते रचलेले नाही. अखंड कातळातून पोकळी काढून घेतली आहे. भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. पोलादपूरकडून सावित्री फुगून येते त्या दिवसांत इथे उघडे अंगण कुणाच्याच कामाचे नसते. छत कातळाने आपसूक दिले हे खरे. पण या मुलुखात ते सोयीचेच ठरले.

विहाराला विद्यापीठाच्या पंक्तीला बसवणे ओढूनताणून आहे, असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. नालंदासारखी शिक्षणाची परंपरा इथे होती असे दाखवणारा पुरावा नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. साम्य आहे ते आराखड्याचे. अभ्यास, मनन आणि एकत्र राहणे यांसाठी जागा कशी वाटून द्यावी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. दुसरा आक्षेप असा, की कार्ले-अजिंठ्यापुढे हे काम साधे, शिवाय अपुरे. पडवीतले बरेच खांब नुसते चौकोनी ठोकळे राहिले आहेत, हे खरे; पण त्यांच्यामुळेच कारागिराची रीत कळते. आधी चौकोनी खांब सोडायचा, मग कोपरे छाटून अष्टकोन, अष्टकोनाचे कोपरे छाटून सोळा पैलू. पुरा झालेला खांब ही रीत लपवून ठेवतो.

शिवाय ही रचना केवळ आपल्या डोळ्यांना दिसते असे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, कुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानाचा शिलालेख इथे आहे. त्यात मूर्ती नाही, नक्षी नाही. लेणे, चैत्यगृह, 8 खोल्या, दोन्ही बाजूंना पाण्याच्या 2 पोढी आणि लेण्याला जोडणारी वाट, असा हिशेब आहे. खोलीसाठी तिथे ‘ओवरक’ हा शब्द आला आहे, म्हणजे देवळाच्या आवारातली आपली ओवरी. पोढी हा शब्द तर गडांवर, लेण्यांत आजही कातळातल्या टाक्यासाठी वापरतात. झोपायला खोली, प्यायला पाणी, एकत्र जमायला चैत्य, आणि या सगळ्यापर्यंत पोचायला वाट. दात्याने वाटही मोजून दानात धरली.