भुवयांच्या पेन्सिलीने लिहिलेले पुस्तक

इजिप्तच्या कनातीर महिला तुरुंगात 1981 साली झडतीत शस्त्रे नव्हे, कागद आणि लेखणी शोधली जात होती. अध्यक्ष अनवर सादात यांनी त्या सप्टेंबरमध्ये दीड हजारांहून अधिक विरोधक गजाआड टाकले. त्यांत कादंबरीकार, संपादक आणि डॉक्टर नवाल अल सादावी होत्या. तिथे त्यांच्या हाती भुवया रंगवायची पेन्सिल चोरून कोणी दिली? वेश्याव्यवसायासाठी पकडलेल्या एका मुलीने. समाजाने जिला बाटलेली ठरवले, तिने! त्या पेन्सिलीने टॉयलेट पेपरवर त्यांच्या तुरुंगातील आठवणी उतरल्या.

हे नाते एका दिवसात जुळले नव्हते. 1931 साली कफ्र तहला या खेड्यात जन्मलेल्या नवाल यांची सहाव्या वर्षी आईदेखत सुंता झाली. 1955 साली त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्याच रूढीने जखमी झालेल्या मुली त्यांच्यासमोर येऊ लागल्या. (बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठ त्यांचेही, सार्वजनिक आरोग्याची पदवी 1966 ची.) 1972 मध्ये 'स्त्री आणि लैंगिकता' हे पुस्तक लिहून त्यांनी या रूढीवर बोट ठेवले. धर्ममार्तंड आणि राज्यकर्ते लगेच एक झाले. आरोग्य खात्यातील संचालकपद गेले, त्यांच्या संपादनाखालील आरोग्यविषयक नियतकालिकही बंद पाडले गेले.

नोकरी गेल्यावर त्या स्त्रियांच्या मनोविकारांचा अभ्यास करू लागल्या आणि याच कनातीरमध्ये त्यांना फाशीची कैदी फिरदौस भेटली. दलालाचा खून केलेल्या या स्त्रीने दयेचा अर्ज करायलाही नकार दिला होता. 'वुमन ॲट पॉइंट झीरो' या नावाने जगभर गेलेली कादंबरी तिचीच.

ऑक्टोबर 1981 मध्ये सादात मारले गेले, नवाल सुटल्या. 1982 मध्ये त्यांनी अरब स्त्रियांची संघटना उभारली, 'नून' हे नियतकालिक काढले. आखाती युद्धाला विरोध करताच 1991 मध्ये सरकारने संघटना मोडली आणि तिचा पैसा एका धार्मिक महिला संस्थेला देऊन टाकला! 2001 मध्ये तर त्या मुस्लिम उरल्या नाहीत, म्हणून पती शरीफ हेताता यांच्याशी त्यांचा विवाह मोडावा, असा दावा एका वकिलाने लावला. न्यायालयाने तो फेटाळला.

2013 मध्ये लष्कराने मुर्सींना हटवले, तेव्हा त्यांनी लष्कराची बाजू घेतली. ते आम्हाला पटले नाही. पण सुंतेवर कायद्याने बंदी यायला इजिप्तमध्ये 2008 उजाडले, म्हणजे त्यांच्या पुस्तकानंतर 36 वर्षे. मार्च 2021 मध्ये त्या गेल्या. प्रथा मात्र सुरूच आहे. फरक इतकाच, की आता चाकू बहुतेक वेळा दाईच्या नव्हे, डॉक्टरांच्या हातात असतो.