चढाची धावपट्टी, चकवणारी उंची

नेपाळमधल्या लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर लांब आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. एका टोकाला खोल दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने ती 1964 मध्ये तयार झाली. एव्हरेस्टकडे निघालेले बहुतेक गिर्यारोहक आजही इथेच उतरतात.

लुक्लाची उंची सुमारे 2,845 मीटर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण पाऊणपट दाट. विरळ हवेत पंखांना तेवढाच आधार मिळवायचा, तर विमानाला सुमारे 15 टक्के जास्त वेगाने यावं लागतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थांबताना जवळपास एक तृतीयांश जादा ऊर्जा जिरवावी लागते.

इथे चढ मदतीला येतो. धावपट्टीचा उतार जवळपास 12 टक्के आहे. दरीकडून टेकलेलं विमान डोंगराकडे जाताना वीस मजली इमारतीएवढं वर चढतं आणि त्या चढणीतच त्याचा वेग मोडतो. म्हणून उतरायचं ते चढाच्या दिशेने, उडायचं ते उताराच्या.

पण हाच चढ डोळ्यांना फसवतो.

सपाट धावपट्टीची सवय असलेल्या नजरेला चढाची धावपट्टी समोर उभी राहिल्यासारखी दिसते. आपण फार उंचावर आहोत, असं वैमानिकाला वाटतं. तो विमान आणखी खाली घेतो आणि धावपट्टीच्या अलीकडेच कडा आडवा येतो. त्यात ढग आले, तर चूक उमगायलाही वेळ उरत नाही.

8 ऑक्टोबर 2008 रोजी यती एअरलाइन्सचं ट्विन ऑटर विमान धुक्यात धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. 19 पैकी 18 जण गेले; वाचला फक्त कॅप्टन. मे 2017 मध्ये मालवाहू लेट-410 धावपट्टीच्या पातळीखाली आलं. ते वर खेचताना पंखांचा आधार सुटला आणि विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक दगावले.

इतर विमानतळांवर चुकलेलं विमान पुन्हा उचलून घिरटी घालता येते. लुक्लात शेवटच्या टप्प्यात ती सोय नाही, कारण समोर डोंगर आहे. उतरायचं की परतायचं, हे दरीतच ठरवावं लागतं, तेही डोळ्यांच्या भरवशावर. उपकरणांच्या आधारे उतरण्याची व्यवस्था तिथे नाही. दुपारी वारे आणि ढग वाढतात, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळीच उरकली जातात.

महाराष्ट्रातूनही दरवर्षी अनेक जण या वाटेने जातात. त्यांनी वेळापत्रकात दोन-तीन दिवस मोकळे ठेवायलाच हवेत. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं, तर परतीच्या तिकिटाची घाई वैमानिकावर किंवा कंपनीवर लादू नये.