जुन्या जीपचा जीर्णोद्धार

पडक्या देवळाचा किंवा जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार सर्वांच्या परिचयाचा आहे. यंत्राचाही जीर्णोद्धार होऊ शकतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. गोठ्याशेजारी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे धूळ खात उभी असलेली डिझेल जीप पुन्हा चालती करणे हा अशाच जीर्णोद्धाराचा एक प्रकार होय. त्यासाठी हौस लागतेच. परंतु केवळ हौस पुरत नाही. यंत्राचे ज्ञान, संयम आणि जबाबदारीची जाणीव या तिन्हींची त्यात कसोटी लागते.

१९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत परदेशी सुट्या भागांपासून जीप जोडण्यास आरंभ केला. आरंभीच्या जीप पेट्रोलवर चालत. कालांतराने डिझेल जीप आल्या. त्यांपैकी ‘एमएम ५४०’ ही चारही चाकांना शक्ती देणारी जीप आजही अनेकांच्या आवडीची आहे. तिचे ‘एक्सडीपी ४.९०’ हे इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे होते. या नावातच त्याचे वर्णन आहे : चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. या इंजिनाचे आकारमान २११२ घनसेंटिमीटर होते. आतील यंत्रणा साधी असून तिच्यात संगणकाचा भाग नाही. म्हणूनच पाने, जॅक आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी तिचे पुष्कळसे काम करता येते.

कामाचा क्रम

पहिले काम पाना हाती घेण्याचे नसून कागदपत्रे पाहण्याचे आहे. आरसी बुकातील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. खासगी गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत होते. दिल्ली व परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली निर्बंध घातले आणि त्यांच्या अंमलबजावणीत पुढे वेळोवेळी बदल होत गेले. म्हणून आपल्या राज्यातील नियम परिवहन कार्यालयात विचारल्यावाचून पैसा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

त्यानंतर परीक्षण करावे. वरचा पत्रा कितीही गंजलेला असला तरी तो बदलता येतो. खरा प्रश्न चासीचा असतो. संपूर्ण गाडीचा भार चासीवर असल्याने तिच्यावर ठिकठिकाणी हातोडीने हलके ठोकून पाहतात. घट्ट लोखंड खणखणीत वाजते. गंजाने पोखरलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो. अशा जागेवर केवळ लांबी भरून रंग देणे म्हणजे रोग झाकणे होय. कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा जाणकार वेल्डरकडून जोडून घ्यावा लागतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवतात व डिझेलची टाकी दूर नेऊन ठेवतात.

भाग सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात चिठ्ठीसह ठेवावेत. आज लक्षात आहे ते सहा महिन्यांनी लक्षात राहतेच असे नाही.

इंजिनाची भाषा

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागाइतकी दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की नॉझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. थंड इंजिनाला आरंभी ऊब देण्यासाठी हीटर प्लग असतात. पुरेसा दाब, योग्य वेळी योग्य फवारा आणि स्वच्छ इंधन या तीन गोष्टी असतील तर डिझेल इंजिन सहसा अडत नाही.

दीर्घकाळ बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवावे. टाकीत साचलेले पाणी व गाळ काढून फिल्टर बदलावेत. इंधनाच्या नळीत हवा शिरली तर इंजिन सुरू होत नाही, म्हणून हातपंप मारून ती बाहेर काढावी लागते. डिझेल पंपाची व नॉझलची अंतर्गत दुरुस्ती मात्र त्या कामाच्या विशेष कार्यशाळेवरच सोपवावी. नॉझलमधील फवाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक असतो. तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो.

इंजिन सुरू झाल्यावर त्याचा धूर बोलू लागतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर टिकून राहिला तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, असा संशय घ्यावा. पंप नुकताच दुरुस्त होऊन आला असेल, तर हवेची वाट बंद करण्याजोगी जाड फळी हाताशी ठेवावी. एकदा पेटलेले डिझेल इंजिन विजेवाचूनही चालू राहू शकते. अशा वेळी त्याचा वेग अनावर झाला, तर हवा तोडणे हाच खात्रीचा उपाय असतो.

चार चाके, एक शिस्त

गिअरबॉक्समागील ट्रान्सफर केस इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या धुऱ्यांकडे वाटते. अशा जीपमध्ये चारचाकी जोडणी केल्यावर दोन्ही धुऱ्यांचे शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत, त्यामुळे शाफ्टच्या क्रॉसवर आणि दातेरी चाकांवर ताण येतो. म्हणूनच ही जोडणी निसरड्या जमिनीपुरतीच वापरावी आणि चारही टायर एकाच मापाचे ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचे

जीप चालू होणे ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु ती थांबणे अधिक महत्त्वाचे आहे. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर आतून गंजतात आणि त्यांची रबरे कडक होतात. वरून ठीक दिसणारे ब्रेकही म्हणून उघडून पाहावेत. नव्या रबरांसह नळ्याही बदलाव्यात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे जिवावर बेतू शकते. चाकांना अडसर आणि चासीखाली भक्कम लोखंडी टेकू असलेच पाहिजेत.

रंगाची पाळी सर्वांत शेवटी येते. गंज घासून, रेड ऑक्साइडचा थर देऊन मगच रंग चढवावा. अनेकजण आधी रंग देतात व मग इंजिनाकडे वळतात. तेव्हा कष्ट आणि पैसा दोन्ही वाया जातात.

काय जपावे, काय सोडावे

जुनी वस्तू पुन्हा वापरात आणल्याने लोखंड भंगारात जात नाही, हा लाभच आहे. तथापि, भारतात डिझेल गाड्यांच्या धुरासाठी पहिले नियम १९९२ साली आले. त्याआधीचे इंजिन कितीही निगुतीने दुरुस्त केले, तरी ते आजच्या गाडीइतके स्वच्छ होत नाही. म्हणून अशी जीप रोजच्या धावपळीसाठी नव्हे, तर कधीमधी फिरवण्यासाठी आणि शिकण्यासाठी राखणे उचित ठरते. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. जुने यंत्र हाही एक वारसा आहे, हे त्यातून मान्य झाले.

वारसा म्हणजे केवळ चकाकणारा पत्रा नव्हे. कोणता भाग कशासाठी आहे, तो का झिजला आणि तो पुन्हा कसा उभा करावा, हे जाणणारे हातही त्या वारशाचाच भाग आहेत. असे हात तयार झाले, तर शेडमधील जीपबरोबर एक विद्याही जिवंत राहते.