सेमार कुणाच्या बाजूचा?

रिसर्चला लागलं की आपण आधी संहिता शोधतो, म्हणजे लिहिलेला मजकूर. माझं शिक्षण सायन्समधलं, त्यामुळे डेटा म्हणजे कुठेतरी नोंदवलेली गोष्ट, हे डोक्यात पक्कं होतं. जावा बेटावरच्या 'वायांग कुलित'बद्दल वाचायला लागले आणि तिथेच अडले.

वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. आपल्या पिंगुळीच्या ठाकरांकडेही अशा बाहुल्या आहेत. जावात एकटा 'दालांग' रात्रभर सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो, वर गामेलान वाजवणाऱ्यांना इशारेही देतो. कथा बहुतेक महाभारत-रामायणातल्या. पण तिथल्या पांडवांचे सेवक सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग आपल्या महाभारतात नाहीतच! सेमार ढेरपोट्या म्हातारा, पण मुळात देव. मध्यरात्रीच्या सुमाराला हे सेवक येतात आणि साध्या बोलीत आजचं बोलतात. महागाई, साहेब लोक, काहीही. तमाशातला सोंगाड्या आठवा. यातलं बरंचसं ऐनवेळी सुचलेलं असतं, त्यामुळे नुसतं कथानक वाचून टीका कुठे होती ते कळतच नाही. रेकॉर्डिंग ऐकावं लागतं, प्रेक्षक कुठे हसले ते बघावं लागतं.

सत्तेला सेमारची किंमत ठाऊक होती. 11 मार्च 1966 च्या ज्या आदेशाच्या आधारे सुहार्तोंनी सुकार्नोंकडून सत्ता हातात घेतली, त्याचं लघुरूप बनवलं 'सुपरसेमार'. म्हणजे सेमारची पुण्याई फुकटात! पुढे त्याच राजवटीत दालांगांकडून कुटुंबनियोजनाचा आणि विकासयोजनांचा प्रचार करून घेतला गेला.

आणि जे नको होते त्यांचं काय? 1965 नंतर डाव्या 'लेक्रा' संघटनेशी संबंध असलेल्या कलावंतांची धरपकड झाली. त्रिस्तुती राहमादी हे नावाजलेले दालांग. त्यांची 14 वर्षं कैदेत गेली, त्यातली बरीच बुरू बेटावर. 1979 मध्ये सुटका झाली, पण खेळ करायला बंदीच होती. मग ते दुसऱ्या दालांगांसाठी संहिता लिहू लागले.

म्हणजे ज्या संहितेवर विसंबू नका असं मी वर सांगितलं, तीच इथे पुरावा आहे. पडद्यामागे बसलेला दालांग वेगळा, आवाज त्याचा, आणि शब्द मात्र ज्याला पडद्यामागे बसायची मनाई होती त्याचे.