शेतकरी महानोर

छत्रपती संभाजीनगरहून निघालेला रस्ता सिल्लोड ओलांडून अजिंठ्याचा घाट उतरला की मराठवाडा संपत आल्याची चाहूल लागते. बोलण्यात खानदेशी हेल येतो, बाजारहाट जळगावचा होतो. जिल्हा मात्र आमचाच, छत्रपती संभाजीनगर; तालुका सोयगाव. याच पट्ट्यातल्या पळसखेडे नावाच्या लहानशा गावात १६ सप्टेंबर १९४२ रोजी नामदेव धोंडो महानोर जन्मले. गावावर तेव्हा निजामाचा अंमल होता, पलीकडच्या खानदेशात इंग्रजांचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, त्याच्या आदल्याच दिवशी या पोराला सहा वर्षे पूर्ण झाली होती. तरीही पुढे १९५६ पर्यंत पळसखेडे हैदराबाद राज्यात आणि जवळचे शेंदुर्णी मुंबई राज्यात राहिले. शिकायचे तर हद्द ओलांडूनच. महानोर शेंदुर्णीच्या शाळेत शिकले, जळगावच्या कॉलेजात गेले आणि घरच्या ओढगस्तीपायी पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून शेतावर परतले.

त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण इथून थेट कवितेकडे वळतात. ते स्वाभाविक आहे. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या तेव्हा ते पंचविशीत होते, आणि त्या पुस्तकाने मराठी कवितेत शेताचा वास आणला. पुढे ‘जैत रे जैत’ चित्रपटाची गाणी घरोघरी गेली, १९९१ साली पद्मश्री मिळाली, ‘पानझड’ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे सगळे नोंदलेले आहे. शेती हा त्यांचा काव्यविषय असल्यासारखे बोलले जाते, ते मात्र मला खटकते. शेती हा त्यांचा पोटाचा धंदा होता. नांगरट, पेरणी, खते, मजूर, भाव आणि कर्ज या सगळ्यातून गेलेला हा माणूस होता, आणि त्यातून त्यांची काही ठाम मते तयार झाली होती. ती मते कवितेइतकीच मोलाची आहेत. त्यांचा मागोवा मात्र फार कमी घेतला गेला.

डोंगराच्या पायथ्याची जमीन कशी असते ते आधी पाहायला हवे. वरच्या अंगाला मुरमाड बरड, खाली नाल्याकाठी थोडीबहुत काळी. पाऊस येतो तो एकदम येतो, उतारावरची माती घेऊन तापीच्या दिशेने निघून जातो. पौष सरत नाही तोच विहिरी तळ गाठू लागतात. अशा जमिनीत कापूस लावायचा आणि आभाळाकडे बघत बसायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. वाहून जाणारे पाणी शिवारातच थांबवायचे, मग पीक ठरवायचे, हा क्रम महानोरांनी धरला. आज हे ऐकताना नवे वाटत नाही. पण पाणलोट क्षेत्र विकास हा शब्द सरकारी फायलींतून गावात उतरायच्या आधीच्या काळात, पदरमोड करून बांध घालणारा शेतकरी विरळाच होता.

१९७२ चा दुष्काळ त्या पिढीने अंगावर घेतला. मराठवाड्यात खात्यापित्या घरच्या बायकासुद्धा डोईचा पदर पुढे ओढून खडी फोडायला बसल्या. त्या दुष्काळी कामांनी माणसे जगवली, हे कोणी नाकारणार नाही. रोजगार हमी योजना त्याच अनुभवातून उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण खडीचे ढीग पडून राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरी पुन्हा कोरड्याच. माणसाच्या घामातून गावाच्या मालकीचे काहीतरी उभे राहिले पाहिजे, अडलेले पाणी किंवा वाढलेले झाड, ही गोष्ट शेतावर राबणाऱ्याला लगेच कळते.

१९७८ साली राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून महानोर विधान परिषदेत गेले. कवीला असे पद मिळाले की चार भाषणे साहित्यावर होतात, ग्रंथालयांचा प्रश्न येतो. महानोरांनी सभागृहात पाणी, फळबागा आणि कोरडवाहू शेती लावून धरली. १९९० साली शरद पवार मुख्यमंत्री असताना रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाली, तिच्यामागे अशा आग्रहाचे बळ होते. योजना साधी होती. खड्डे, लागवड आणि निगराणीची मजुरी सरकारची, झाड शेतकऱ्याचे. अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि झाडे जगली तरच पुढचा हप्ता. डाळिंब, बोर, आवळा, चिंच, सीताफळ ही झाडे त्यातून लाखो एकर माळावर गेली. १९९२ साली सुधाकरराव नाईकांच्या काळात राज्याला स्वतंत्र जलसंधारण खातेही मिळाले. वाकोद हे महानोरांच्या गावाजवळचे. तिथले भवरलाल जैन हे त्यांचे स्नेही. एकाने ठिबकचा कारखाना उभारला, दुसऱ्याने थेंबाथेंबाचा हिशेब सरकारपुढे मांडला. एकाच टापूतली ही दोन माणसे.

सीताफळावर महानोरांचा विशेष जीव. अजिंठ्याच्या आणि दौलताबादच्या डोंगरात ते आपोआप येते. शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, त्यामुळे कुंपणाचा खर्च नाही. उन्हाळ्यात झाड पाने टाकून निपचित राहते, पावसाबरोबर फुटते. फळ तोडायचे केव्हा, हे रंगावरून समजत नाही, डोळ्यांवरून समजते: खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर पांढुरक्या झाल्या की ‘डोळे उघडले’ म्हणतात. मग मात्र उसंत नाही. दोन-तीन दिवसांत फळ मऊ पडते, दाबले तर फुटते. म्हणून घाटाच्या वाटेवर बाया पाट्या घेऊन बसतात आणि संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाला देऊन घरी जातात. हे रानफळ बागेत आणायचे, नीट जोपासायचे आणि त्याला बाजार मिळवून द्यायचा, हा महानोरांचा ध्यास होता. आपल्या बागेतल्या एका वाणाला त्यांनी लता मंगेशकरांवरून ‘लताफळ’ नाव दिले. वर्तमानपत्रांनी त्या नावाचे कौतुक केले. माळरानावर पैसा देणारे झाड उभे करता येते, हे त्या बागेने दाखवले, ते कौतुक मला अधिक वाटते.

गावाशी त्यांचे नाते शेतापुरते नव्हते. या भागात रात्री डफाच्या साथीने वह्या गायल्या जातात, त्या ऐकतच ते वाढले. १९७० च्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘वही’ आहे, ते उगाच नाही. जात्यावरच्या आणि रानातल्या बायकांची गाणी त्यांनी ‘पळसखेडची गाणी’ म्हणून छापून आणली. मोठेपण मिळाल्यावर मुंबई-पुण्यात बिऱ्हाड थाटणे त्यांना सहज जमले असते. पत्ता पळसखेडेच राहिला. मुंबईचे नामवंत त्यांच्या शेतावर यायचे, आणि गावातला माणूसही अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच जायचा.

त्यांची काही मते काळाने मागे टाकली, हेही सांगितले पाहिजे. कापसाच्या खोडव्यावर त्यांनी पुस्तक लिहिले होते. आज गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खाते असा खोडवा, म्हणजेच फरदड, घेऊच नका, पऱ्हाटी वेळेत उपटा म्हणून सांगते. शेतीत असे होतेच. अनुभव लिहून ठेवणारा शेतकरी मात्र आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून ते पुस्तक आजही कामाचे.

३ ऑगस्ट २०२३ रोजी, अधिक श्रावणात, पुण्यात त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार पळसखेडेत झाले. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कापूस-मका करपली. ऑक्टोबरअखेर सरकारने ४० दुष्काळी तालुके जाहीर केले, त्यांत आमच्या जिल्ह्यातले दोन होते: छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव. जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, गरज असेल तिथे टँकर आणि रोजगार हमीच्या निकषांत थोडी ढिलाई, असा नेहमीचा आदेश निघाला. यातल्या शेवटच्या सवलतीवर महानोरांनी बोट ठेवले असते आणि तहसीलदाराला विचारले असते, कामे कोणती काढता आहात, रस्त्याची खडी की नाल्यावरचा बांध?