परतून येणारी वीज

गळिताच्या हंगामात साखर कारखान्यात पाकातील दाणेदार साखर मळीपासून विलग करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्राचे जाळीदार पिंप मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते, आणि मळी निथळून गेली की साखर खरवडून काढण्यासाठी तेच पिंप पन्नासएक फेऱ्यांवर उतरवावे लागते. हा क्रम अहोरात्र, दर काही मिनिटांनी चालतो. आणि प्रत्येक खेपेस त्या फिरत्या वस्तुमानातील ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते.

एक टन साखर सत्तर सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरते असे धरले, तर एकट्या साखरेतच सुमारे 27 लक्ष ज्यूल ऊर्जा असते. पिंप फिरविणाऱ्या मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेने सांभाळणाऱ्या ड्राइव्हने ती वारंवारता उतरवावयास घेतली की रोटर चुंबकीय क्षेत्राच्या पुढे धावू लागतो, मोटर तेवढ्यापुरती जनित्र बनते, आणि वीज उलटी वाहून ड्राइव्हमधील एकदिश वाहिनीवर येते. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर ही वाहिनी सुमारे 560 व्होल्टवर असते. परंतु तिच्या मुखाशी असलेला डायोडांचा पूल विजेस आत येण्याची मुभा देतो, बाहेर जाण्याची नाही. सारा भार मग धारित्रांवर पडतो. 10,000 मायक्रोफॅरडचा धारित्रसंच 560 वरून 800 व्होल्टपर्यंत चढताना जेमतेम 1,600 ज्यूल सामावून घेतो. 27 लक्षांपुढे 1,600! विद्युद्दाब क्षणार्धात भडकतो, आणि 800 व्होल्टच्या सुमारास ड्राइव्ह स्वसंरक्षणार्थ ‘ट्रिप’ होतो. धारित्रे वाचतात खरी. पण मोटरचा लगाम त्याच क्षणी सुटून पिंप आपल्याच वेगाने फिरत राहते, म्हणून यांत्रिक ब्रेकचा स्वतंत्र बंदोबस्त ठेवावाच लागतो.

वेग सावकाश उतरविणे हा सोपा उपाय, पण मिनिटामिनिटाचा हिशेब असलेल्या कारखान्यास तो परवडत नाही. प्रचलित रीत ब्रेक रेझिस्टरची: दाब ठरावीक मर्यादा ओलांडताच ‘चॉपर’ या इलेक्ट्रॉनिक कळीचा ट्रान्झिस्टर वाहिनीला रेझिस्टर जोडतो आणि ऊर्जा उष्णतारूपाने हवेत जाते. हा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसला, तर रेझिस्टर अखंड तापत राहतो. तेव्हा मुख्य पुरवठाच तोडणारा थर्मल रिले काटकसरीच्या नावाखाली गाळणे मला अक्षम्य वाटते.

सर्वांत विवेकाची तजवीज मला शेजारच्या यंत्रांच्या एकदिश वाहिन्या परस्परांस जोडण्याची वाटते. कारण पाळ्या नीट लावल्या, तर एक पिंप थांबत असताना दुसरे वेग घेत असते, आणि एकाची परतलेली वीज दुसऱ्याच्या कामी येते. शिल्लक वीज पुरवठ्याच्या तारांवर परत धाडणारा पूलही बसविता येतो. मात्र पुरवठाच खंडित झाला तर तो निरुपयोगी ठरतो, आणि पिंपे त्या घटकेलाही फिरतच असल्याने जुना रेझिस्टर काढून टाकण्याची घाई कारखान्याने करू नये.