रविवारी पोरांना कुठं न्यायचं?



वस्तीत मुलांचं वजन-उंची मोजायला बसलो की आयाबाया एकच तक्रार सांगतात, "पोरगं मोबाईल सोडत न्हाई ताई. आणि फिरवाय न्यायचं म्हटलं की पैसा लागतोय." आई चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी येते, बाप सेंट्रिंगच्या कामावरून दमून आलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत मग मोबाईलच पोर सांभाळतो. आम्ही आईला दोष देत नाही. तरी सांगतो, पोरांबरोबर बाहेर हिंडणं-खेळणं जेवणाइतकंच गरजेचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा खेळ हवा. दोन वर्षांखालच्या बाळाला मोबाईल दाखवूच नये. उन्हात आपली त्वचा ड जीवनसत्त्व तयार करते. ते नसेल तर नाचणीतलं, दुधातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. दिवसाच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य सुटतं आणि डोळ्याचा गोळा लांबट व्हायला त्यामुळे आळा बसतो, असं संशोधक मानतात. गोळा लांबट झाला की फळ्यावरचं अंधुक दिसतं, चष्मा लागतो. शिवाय खेळून दमलेलं मूल गाढ झोपतं, आणि वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेतच सुटतं.

आता जायचं कुठं? आपलं कोल्हापूर कॉलेजांचं गाव. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. त्याच्यासमोरून आपली माणसं रोज कामाला जातात, पण पोरांना घेऊन आत किती जण गेलेत? विचारलं तर म्हणतात, "आपलं काय काम तिथं?" हे ऐकून आम्हाला फार लागतं. गावातली कितीतरी माणसं सकाळी तिथं फिरायला जातात. गेटवर वेळ विचारून घ्या आणि पोरांना न्या. मोर दिसतो का बघा, झाडं मोजायला लावा, ग्रंथालयाची इमारत बाहेरून दाखवा. मोठं झाल्यावर इथं शिकायचं, एवढं जाता जाता म्हणा. पोरं ते विसरत नाहीत.

बिंदू चौकातले महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असतानाच बसवले गेले. जयंतीला आपण जातोच, पण एरवी निवांत जाऊन पोरांना ही गोष्ट सांगितली आहे का? टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची छोटी रोमन मूर्ती आहे. ती इथवर कशी आली असेल, असं पोरांना विचारा आणि त्यांना बोलू द्या. अशा गप्पांतूनच लहान मुलांची भाषा वाढते. रंकाळ्यावर संध्याकाळी चक्कर मारा. भेळ आम्हीही खातो, खोटं कशाला बोलायचं? पण घरून शेंगदाणे-गूळ आणि पाण्याची बाटली नेली तर पाकिटातल्या खारट खाऊवर पैसे जात नाहीत. पाण्याच्या काठाला लहान मूल हाताच्या अंतरावरच ठेवा. पोर आवाज न करता बुडतं.

लांब जमत नसेल तर वंदना झाल्यावर विहारासमोरच लगोरी, लंगडी, दोरीवरच्या उड्या लावा.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. दहा-अकरा वर्षांची झाली की पोरीचा खेळ बंद होतो. भाऊ क्रिकेटला, ती भांड्याला. हाडं भरायचं वय नेमकं हेच असतं. भांडी भावालाही घासू द्या आणि पोरीला तासभर मोकळं सोडा.

खेळताना मुलाकडे लक्ष ठेवा. बरोबरीची पोरं धावताहेत आणि आपलं लगेच धापा टाकतं, ओठ-नखं फिकट दिसतात, तर रक्त कमी असू शकतं. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, जेवणानंतर खायला सांगा. पुष्कळ पोरं ती खिडकीतून टाकतात.

कुत्रं चावलं तर हळद-चुना लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला जाऊन इंजेक्शन सुरू करा. पुढचे सगळे डोसही तारखेला घ्या.